लेकराचं वय खोटं टाकू नको

प्रिय मित्रा,

काल तुझा मेसेज आला तवा मी जेवायला बसलो होतो. "वय कमी दाखवायलंय, जन्मसाल २००६ टाकू का?" एवढंच लिहिलं होतंस, अन् तेवढ्यावरनंच मला सगळं कळलं, तू पोराचं बुद्धिबळाच्या ॲपवर खातं काढायलास अन् १३ च्या खालचं वय ते घेईना, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण मोबाईल हातात घेऊन असाच बसलो होतो. फोनवर या गोष्टी नीट सांगता येत नाहीत म्हणून लिहायलोय, लांब होईल, पण पूर्ण वाच.

आधी हे सांगतो की लेकरू बुद्धिबळ खेळायलंय याचा मला लई आनंद आहे. नऊ वर्षांचं पोरगं शाळेतल्या सरांना मात द्यायलंय म्हणल्यावर त्याला पुढं कोणीतरी तोडीचं पाहिजेच. अन् तुझी अडचण मला माहितीय, इथं सेलूत माझी पण तीच होती. आपल्या लहानपणी आबा होते, मारुतीच्या ओट्यावर पट मांडून बसायचे, देशी पद्धतीनं, पहिल्या चालीलाबी प्यादं एकच घर सरकायचं, एक डाव दुपारभर चालायचा. आता त्या ओट्यावर पट नाही. स्पर्धा म्हणलं की परभणी नाहीतर नांदेड नाहीतर थेट संभाजीनगर, एंट्री फी, तिकीट, जेवण, तुझी एक दिवसाची रजा, हे दर महिन्याला कोण करणार. म्हणून "मोबाईल देऊच नको" असं मी तुला म्हणणार नाही. आपल्या भागातल्या लेकराला रोजचा जोडीदार ऑनलाइनच मिळतोय, हे खरं आहे.

पण साल खोटं टाकू नको. कामून ते सांगतो, हे मी तुझ्या वहिनीशिवाय कोणाला बोललो नाही.

पोरगी नऊ वर्षांची असताना मी तिचं खातं काढलं एका ॲपवर, वय वीसच्या वर टाकलं, अन् तिला सांगितलं की कोणी विचारलं तर वय सांगायचं नाही. मला वाटलं लई हुशारी केली. दोन-तीन महिने मस्त खेळली, संध्याकाळी दप्तर टाकलं की पट उघडायची, घोड्याची दुहेरी मार कशी बसवली ते मला दाखवायची. मग हळूहळू बंदच केलं. मी विचारलं तर म्हणायची कंटाळा आला, अभ्यास आहे. मला खरं वाटलं, लेकरांचं असतंच असं, आज एक उद्या एक. नंतर दिवाळीच्या सुट्टीत मीच सहज ते खातं उघडलं अन् चॅट वाचली तर माझे हातपाय गार पडले. एकानं हरल्यावर आईवरून शिव्या लिहिल्या होत्या. दुसरा कोणीतरी रोज खेळायला यायचा, आधी "छान खेळतेस", मग कुठं राहतेस, घरी कोण कोण असतंय, मग फोटो पाठव. तिनं फोटो पाठवला नव्हता, देवाची कृपा. पण तिनं मला सांगितलं पण नव्हतं. मी जवळ घेऊन विचारलं, बाळा, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "पप्पा, तुम्हीच म्हणलता ना वय सांगायचं नाही, मला वाटलं मला पकडतेन."

मित्रा, ते वाक्य अजून माझ्या छातीत आहे. मी तिला खोटं बोलायला शिकवलं, अन् त्या खोट्यानंच तिचं तोंड बंद केलं. समोरचा माणूस चुकतोय हे तिला कळतच होतं, पण आपणच आधी चुकलोय असं तिला वाटायलं होतं. अन् ॲपच्या हिशोबानं ती बाईमाणूस होती, मग लेकरांसाठीचं संरक्षण तिला लागणारच कसं?

हा १३ चा आकडा कुठून आला ते मी नंतर वाचलं. अमेरिकेत १९९८ ला कोप्पा नावाचा कायदा झाला, २००० पासून लागू, त्यात १३ च्या आतल्या लेकराची माहिती आईबापाच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. ती संमती घेत बसण्यापेक्षा लई साइटींनी सरळ १३ च्या खाली खातंच नाही असं ठेवलं. आपल्याकडं तर २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यात १८ च्या आतलं सगळं लेकरूच धरलंय, पालकांची खात्रीशीर संमती पाहिजे, अन् लेकरावर नजर ठेवून त्याला जाहिराती दाखवायला मनाई आहे. म्हणजे हा नियम तुझ्या पोराच्या डोक्याला कमी लेखत नाही. प्रज्ञानंद दहाव्या वर्षी इंटरनॅशनल मास्टर झाला, गुकेश बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर, या नियमानं तेव्हा दोघंही लहानच. पटावरच्या स्पर्धांत तर ७ वर्षांखालचा गट असतोय. पटावर लेकरू मोठ्या माणसाला हरवू शकतंय, पण चॅटमधल्या माणसाला ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथं रेटिंग कामाला येत नाही.

मग करायचं काय. चेस डॉट कॉम ही बुद्धिबळाची साइट आहे, लहानांसाठी त्यांचीच चेसकिड नावाची वेगळी साइट आहे, तिथं अनोळखी माणसाला मोकळेपणी काही लिहिता येत नाही अन् पालकाच्या हातात ताबा असतोय. दुसरी साइट लीचेस, ते देणग्यांवर चालतंय, फुकट आहे, जाहिराती नाहीत, त्यात किड मोड म्हणून सेटिंग आहे, ते चालू केलं की चॅट अन् मेसेज सगळं गायब, नुसता पट राहतोय. माझी पोरगी आता त्यावर खेळतीय, खातं आम्ही दोघांनी मिळून काढलं, नावात गाव नाही, शाळा नाही, जन्मसाल नाही. अन् कंप्युटरसोबत खेळायचं असलं तर खातं पण लागत नाही, आठ लेव्हल आहेत, पहिल्या लेव्हलपासून चढत जायचं. खात्याची घाईच कामून करायची? गुकेशच्या कोचनं तर त्याला बरीच वर्षं इंजिनपासून, म्हणजे चाली तपासून सांगणाऱ्या कंप्युटर प्रोग्रॅमपासून, लांब ठेवलं होतं, तरी तो २०२४ ला १८ व्या वर्षी जगज्जेता झालाच ना.

आमच्या घरात आता फोन बैठकीतच राहतोय, आतल्या खोलीत न्यायचा नाही. एका मिनिटाचे बुलेट डाव बंद केलेत, त्यात लेकरू विचार करत नाही, नुसतं बोट चालवतंय. प्रत्येकाला पंधरा मिनिटं अन् दर चालीला दहा सेकंद जादा, असे दोन डाव, बास. अन् त्यातला हरलेला डाव लाकडी पटावर मांडून बघायचा, कारण मोबाईलवर सोंगटीला हात लावायची, चाल लिहायची सवय लागत नाही. पहिल्यांदा परभणीला स्पर्धेला नेलं तवा पोरगी उंट उचलून परत ठेवायली होती, पण स्पर्धेत हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, समोरच्यानं पंचाला बोलवायला हात वर केला, रडायलाच आली. घरी लाकडी पटावर खेळली असती तर हे झालं नसतं.

अन् नेट गेलं, लाइट गेली म्हणून डाव हरला तर त्याला रागावू नको. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या फायनलला रशियाविरुद्ध खेळताना आपल्या निहाल सरीनचं अन् दिव्या देशमुखचं कनेक्शन तुटलं होतं, शेवटी दोन्ही देशांना मिळून सुवर्ण दिलं. दिव्या तेव्हा १४ ची होती. तीच नागपूरची पोरगी २०२५ ला जॉर्जिया देशातल्या बाटुमीत आपल्याच कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकली. हे त्याला सांग, त्याला आवडेल.

पोराला सगळ्यात आधी एवढं सांग की कोणी काही बी विचारलं, काही बी लिहिलं, तर खेळ सोडून उठून यायचं अन् पप्पाला नाहीतर मम्मीला सांगायचं, तुला कोणी रागावणार नाही, मोबाईल पण काढून घेणार नाही. हे शेवटचं लई महत्त्वाचं आहे, मोबाईल जाईल या भीतीनंच लेकरं गप्प बसतेत.

आता तुझ्यासाठी एक काम. येत्या रविवारी सकाळी दहाला मी तुला लीचेसची लिंक पाठवतो, ती उघडली की पोराचा डाव माझ्या पोरीसोबत सुरू होईल, दोघांचं पण खातं लागत नाही. तू त्याच्या बाजूला बस, मी हिच्या बाजूला बसतो, चाल कोणी सांगायची नाही. डाव झाला की व्हिडिओ कॉल लावू, दोघं एकमेकाला बघतील. पोरगी आत्तापासून विचारायलीय, तो पांढरे घेणार का काळे? काय ते त्याला विचारून कळव.

वहिनींना नमस्कार, पोराला पापा.

तुझाच