माद्रिदहून, अन्यास

प्रिय अन्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग वाच. दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. सध्या भाचीकडे माद्रिदला आहे.

सरांच्या वाड्याचं कळलं असेलच. त्यांच्या धाकट्या मुलाने बिल्डरला होकार देऊन टाकला. माडीवरच्या भिंतीवर आपण रंगवलेल्या चित्राचं काय, म्हणून विचारलं तर म्हणतो, "काका, फोटो काढून ठेवा की." तेच डोक्यात घोळवत परवा इथल्या प्रादो चित्रसंग्रहालयात शिरलो. संध्याकाळी ६ ते ८ फुकट, त्यामुळे रांग नवरात्रात अंबाबाईला असते तशी. वेलास्केथचं 'लास मेनिनास' डोक्यांच्या फटीतून पाहिलं आणि खाली गोयाच्या काळ्या चित्रांपाशी जे थांबलो ते रखवालदाराने हाकलेपर्यंत.

त्यातलं ते कुत्र्याचं चित्र आठवतंय? सरांच्या पुस्तकातलं? छपाई बिघडलीय, वर एवढी रिकामी जागा कोण सोडेल, असं तू म्हणालास आणि आपण महिनाभर अबोला धरला. तर महाराज, छपाई ठीक होती. खाली मातकट उतार, त्यामागून एवढंसं डोकं, वर सगळा मळकट पिवळा. फोटो काढू देत नाहीत, नाहीतर पुरावा तुझ्या तोंडावर मारला असता.

पण थांब, तूही पुरता हरलेला नाहीस. ही १४ काळी चित्रं गोयाने केली स्वतःच्या घराच्या भिंतींवर, १८१९ नंतर. सत्तरी ओलांडलेली, कान गेलेले, कोणी मागितलेली नाहीत. १८७४ पासून नव्या मालकाने, एका बॅरनने, ती भिंतीवरून सोलवून कॅनव्हासवर चढवली. रंग झडला, मग तिथे दुसऱ्याने भरला. चेटकिणींच्या लांबलचक चित्राची उजवीकडची मीटरहून जास्त पट्टी गेली. लॉरें नावाच्या फोटोग्राफरने भिंतीवर असतानाच फोटो काढले होते, म्हणून काय गेलं ते निदान कळतं. त्यामुळे कुत्र्यावरच्या रिकामपणात गोया किती आणि सोलणारा किती, यावर आपण अजून भांडू शकतो. घर पुढे पाडलंच.

रात्री १० वाजता भाची जेवायला निघाली! ला लातिना भागात एका बारमध्ये उभ्याने बिअर नि टॉर्टिया, म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, दुसऱ्यात क्रोकेत, म्हणजे तळलेले कटलेटसारखे गोळे, तिसऱ्यात काय ते विसरलो. मध्यरात्री चौकात आज्या गप्पा ठोकतायत, नातवंडं फुटबॉल खेळतायत, आणि झिंगून पडलेला एकही नाही. पहाटे सान हिनेसमध्ये चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, दाट चॉकलेटात बुडवून. दुकान १८९४ पासूनचं, चोवीस तास उघडं. शेजारी नाचून आलेली पोरं, आणि मी त्या गोंगाटात कागदी रुमालावर आपल्या भिंतीची मापं आठवून लिहितोय. खिडकीच्या डावीकडे मोट होती ना? की उजवीकडे?

सर म्हणायचे, भिंतीचं चित्र भिंतीबरोबर जाऊ द्यावं. प्रादोत उभं राहून मला ते पटेना. लंगडं का होईना, कुत्रं तिथे आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तेलरंग आहे, सोलता येईल. खर्च मी बघतो. पण तुझ्या होकाराशिवाय हात लावणार नाही. निम्मी भिंत तू रंगवलीयस, सरांनी सही केली तरी.

बदलीचं काय झालं? मुलीचा साखरपुडा झाला म्हणे, अभिनंदन, सविस्तर भेटीत. माझ्या येण्याआधी वाड्यावर जाऊन दिवसाच्या उजेडात भिंतीचे तुकड्या-तुकड्याने फोटो काढ, पट्टी ठेवून. किल्ली धाकट्याकडेच आहे. त्याच्याशी भांडू नकोस.

तुझा,
बाप्या