हर्णैच्या जाळीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

हर्णै बंदरात लिलावाच्या गडबडीतही तुम्ही वाळूवर जुनं जाळं पसरून कपड्यांचं डिझाइन शिकणाऱ्या आम्हा पोरांना त्यापासून घागरा करायचा हिशोब समजावलात, त्याचे हे जाहीर आभार. पुढच्या पोरांच्या हाती लागावा म्हणून तो हिशोबही इथेच मांडतो.

आधी कात्री बाजूला. कापडात घेर हवा तर कळ्या कापाव्या लागतात, कंबर बसवायला टक्स घालावे लागतात. जाळ्याला यातलं काही नको. ते दोराला किती चुणून बांधलं, त्यावर आकार ठरतो. जाळ्याच्या एका घराला तुम्ही आस म्हणता. ताणून ४० मिलिमीटर भरणारे ४० आस आडवे घेतले की ताणलेली रुंदी १६० सेंटीमीटर. कमरेच्या दोरावर दर ८ सेंटीमीटरला खूण करायची आणि दोन खुणांमध्ये ४ आस बसवायचे. अशा दहा बांधण्यांत ८० सेंटीमीटरची कंबर होते. खालच्या दोरावर तेच ४ आस ११.२ सेंटीमीटरमध्ये बांधले की ११२ चा घेर मिळतो. एकही कळी न कापता!

चुकतं ते उंचीत. आस आडवा उघडला की उभा आखडतो. कमरेसारखं ताणलेल्या रुंदीच्या निम्म्यावर चुणलेल्या जाळ्याची उंची ताणलेल्या उंचीच्या ८७ टक्के उरते, खालच्या घेरासारखं ०.७ पटीवर चुणलं तर जेमतेम ७१. म्हणून ६० सेंटीमीटरच्या घागऱ्याला १५ आस पुरत नाहीत, उभे १९ लागतात. खालचा दोर मऊ घेतला तर घेर मिटून जाळं झावळीसारखं लोंबतं. तिथे कडक दोरच हवा. तरीही आस मिटत असतील तर जाळं ९० अंशांत फिरवून बांधायचं. मग गाठीची जाडीच आसाला उघडं धरते. ही युक्ती आम्हाला कुठल्याही शिवणकामाच्या पुस्तकात भेटली नव्हती.

जाळं निवडताना एकतारी, म्हणजे एकाच सलग तंतूचं, नको, ते कातडीला कापतं. पिळाच्या दोऱ्याचं मऊ पडतं. जुनं जाळं दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, भिजवायचं; नाहीतर वास राहतोच, शिवाय उरलेल्या मिठाने लोखंडी टिचबटणं गंजतात. हूक पितळेचेच. उन्हात विटलेला दोरा बोटांनी ताणून पाहायचा. सहज तुटला तर तो तुकडा बाद. काठाचे शिशाचे मणी तर अंगाजवळ नकोतच, शिसं विषारी. वजन हवं तर पितळेचे मणी ओवावेत.

कापलेली टोकं मेणबत्तीवर धरली की नायलॉन वितळून गोळी होते. टोक सुटत नाही, पण ती गोळी टोचते. म्हणून आतून सुती पट्टी लावायची. मशीनवर कापड दाबून धरणारी पायपट्टी आसात अडकते; खाली वर्तमानपत्र ठेवून शिवावं आणि नंतर कागद फाडून काढावा.

आता गंमत. खालच्या दोराऐवजी आसांतून नाडी ओवली की घागऱ्याची पिशवी होते. नाडी आवळली की तळ बंद, कंबर झाली तोंड. घेर मात्र थोडा पडतो, कारण नाडी दोराइतकी कडक नसते. ४० च्या आसातून करवंदं गळतात, कैऱ्या आणि नारळ राहतात. नाडीची गाठ घसरते म्हणून ती दुहेरी मारायची. तुम्ही जाळ्याला मारता तीच, सुई एकदा जास्त फिरवून.

तुमची जाळं विणायची सुई आणि आसाचं माप धरायची २० मिलिमीटरची पट्टी याच पिशवीत घालून परत पाठवतो आहोत. नाडी सोडली की घागरा. तो काकूंना आवडला नाही तर नारळ आणायला वापरा.

तुमचे,
डिझाइनचे विद्यार्थी