काका, तुमच्या पांढऱ्या पेटीबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून दिलं असतं, तर तुम्ही "अवो बाई, यात काय एवढं" म्हणून चहा मांडायला सांगितला असता आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. गच्चीवर कॅमेरा लावून वर्षभराचं टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतरानं काढलेले फोटो जोडून फिल्म, करावं असं पुष्कळांच्या मनात असतं, आणि आपल्या नागपुरात गाडी उन्हापाशी अडते. तुम्ही ती कशी पुढं काढलीत हे त्यांनाही कळायला हवं.

आमच्या गच्चीवरून उत्तरेला सेमिनरी हिल्सची झाडी दिसते. एका पानगळीपासून दुसऱ्या पानगळीपर्यंतचा तो उतार एकाच चौकटीत टिपायचा, एवढीच माझी इच्छा होती. जुना डीएसएलआर कॅमेरा होता, आपोआप फोटो काढायला टायमर होता. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला ५३ आणि वर्षाला १९ हजारांच्या वर. सेकंदाला २५ चित्रं धरली तर जेमतेम तेरा मिनिटांची फिल्म. साध्या डीएसएलआरचं शटरसुद्धा लाखभर फोटो काढतं, त्यामुळे तिकडून चिंता नव्हती. चिंता वैशाखाची होती. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता.

तुम्ही तो आकडा ऐकलात आणि आधी एवढंच विचारलंत, "हे सावलीतलं की उन्हातलं?" हवामान खात्याचं तापमान मोजतात ते पांढऱ्या लाकडी पेटीतलं, हे मला ऐकून माहीत होतं. तुम्ही मात्र नोकरीची सगळी वर्षं तशा पेट्यांची दारं उघडून पारा वाचलेला माणूस. स्टीव्हनसन स्क्रीन म्हणतात तिला. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हनसन नावाच्या, दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्यानं ती बेतली आणि आजही जगभर जवळपास तशीच वापरतात. पांढरा रंग, दुहेरी छप्पर, चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या, आत हवा खेळती. आपल्या गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर उन्हाची तिरीप पाऱ्यावर पडत नाही. बंद डबा उन्हात ठेवला तर आतला पारा बाहेरच्या सावलीपेक्षा कितीतरी वर जातो. त्यामुळे पंखा कुठला, गार करायचं यंत्र कुठलं, या माझ्या सगळ्या यादीवर तुमचं उत्तर एकच होतं: "कॅमेऱ्याले सावली द्या, हवा द्या. थंड करायच्या मागे लागू नका."

आणि मग तुम्ही ती पेटी केलीत. कॅमेरा वायरिंगच्या पॉलिकार्बोनेटच्या पाणीबंद डब्यात. त्या डब्यावर दोन बोटं जागा सोडून पांढऱ्या रंगाच्या पत्र्याचं छप्पर, आणि पूर्व, पश्चिम, दक्षिण अशा तीन बाजूंना तिरप्या पट्ट्या. ऊन पत्र्यावर पडतं, पत्रा तापतो, मधली हवा ती उष्णता घेऊन निघून जाते, डब्यापर्यंत ती फारशी पोचतच नाही. आत आपण उच्चतम-नीचतम तापमापक ठेवला होता. भर मे महिन्यातही त्याचा काटा खात्यानं दिलेल्या आकड्याच्या फार वर गेला नाही. चाळीसची मर्यादा ओलांडली जाणारच होती. म्हणून कॅमेऱ्याची स्वतःची उष्णता कमी ठेवली: मागचा स्क्रीन कायमचा बंद, दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा झोपलेला. दोन उन्हाळे झाले, तो अजून चालू आहे.

उत्तरेकडे तोंड म्हणजे ऊन समोरून येणारच नाही, असं सगळेच धरून चालतात. तुम्ही वहीत आकृती काढून दाखवलीत की नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या खाली. २६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हापासून १७ जुलैच्या आसपास पुन्हा शून्य सावली होईपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दुपारचं ऊन छपराच्या पुढे आलेल्या कडेनं अडतं. खरा प्रश्न सकाळ-संध्याकाळचा. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि तितक्याच उत्तरेला मावळतो, म्हणजे तिरपं ऊन सरळ काचेवर. त्यासाठी तुम्ही काचेच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उभ्या पट्ट्या लावल्यात आणि त्यांना 'कान' म्हणालात. त्या कानांची लांबी तुम्ही कोनमापक घेऊन काढलीत. आज जूनच्या सकाळचे फोटो पाहताना काचेवर एक चकाकीचा ठिपका नाही, याचं श्रेय त्या आकृतीला आहे. शिवाय नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पेटीच्या पाठीवर पडतो, काचेवर नाही. काच म्हणजे साधा यूव्ही फिल्टर, भोक पाडून सिलिकॉननं बसवलेला, आणि लेन्सभोवती काळं फेल्ट, आतलं प्रतिबिंब काचेत दिसू नये म्हणून.

पेटी बसवायची जागाही तुम्हीच बदललीत. गच्चीच्या कठड्यावर लोखंडी पाइप उभारणं सोपं होतं. तुम्ही पाइपाला हात लावून म्हणालात, वादळात हा डोलेल. वैशाखातलं वादळ आपल्याकडे काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे. जिन्याच्या खोलीच्या आरसीसी कॉलमला चार अँकर फास्टनर ठोकून ब्रॅकेट बसवला. कॅमेरा आतल्या प्लेटवर दोन पिनांमध्ये बसतो. कार्ड बदलायला तो बाहेर काढला तरी परत ठेवताना केसभरही इकडेतिकडे होत नाही. आणि तुमची ती लाल रेघ! प्रत्येक नट आवळून झाल्यावर तुम्ही नटावरून प्लेटवर ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढलीत. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना घेऊन चाचपायची गरज नाही. फोकस रिंगवर टेप लावून मी थांबले होते. तुम्ही तिथंही रेघ ओढलीत.

बाकीची कामं मी भराभर सांगते, कारण ती ज्याला करायची त्याला हाताशी हवीत. केबल डब्याच्या तळातून ग्लँडमधून, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत, बाहेर तिला खाली झोळ, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता तिथंच ठिबकतं. आत सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या. ब्रॅकेटच्या दांड्यावर पेट्रोलियम जेलीचा पट्टा, मुंग्या चढू नयेत म्हणून. गांधीलमाशांसाठी पट्ट्यांना आतून बारीक जाळी. सौर पॅनेल दक्षिणेला तोंड करून २१ अंशांवर. बॅटरी मात्र गच्चीवर नाही, जिन्याच्या खोलीत सावलीला, कारण लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता मानवत नाही. दर दहा अंशांमागं तिचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. टायमरला स्वतःचं सेलवर चालणारं घड्याळ, वर्षाला मिनिटभर चुकणारं. आणि फोटोंच्या नावातला आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो, म्हणून फायली नावानं नाही तर काढलेल्या वेळेनं लावायच्या. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), फोकस, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) सगळं हातानं पक्कं केलेलं. ॲपर्चर पूर्ण उघडं, नाहीतर लेन्सच्या पाती दर फोटोला किंचित कमी-जास्त मिटतात आणि फिल्म लुकलुकते.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र खरं तर लिहायचं होतं ती.

पहिल्या दिवशी तुम्ही एक लांब वही आणलीत आणि रकाने आखून दिलेत. तारीख, काच पुसली का, जेलचा रंग, बॅटरीचे व्होल्ट, कार्डवर उरलेली जागा, आकाश. रोज सकाळी साडेआठला. ही वेळ तुमच्या हाडात मुरलेली, खात्याच्या सकाळच्या नोंदीची. मला वाटलं होतं कॅमेरा आपला आपण फोटो काढतोय, वही कशाला? जुलैच्या झडीत सलग ढग राहिले, पॅनेलला ऊन मिळेना, बॅटरी उतरली आणि कॅमेरा मधेच थांबला. फिल्ममध्ये ती फट झाकता येते. आदल्या-नंतरच्या चित्रांवरून मधली चित्रं तयार करणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात, आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही वहीतल्या त्या रकान्यांत आडवी रेघ मारून मला दाखवलीत आणि म्हणालात, "जे पाह्यलं नाही ते लिहाचं नाही. गेलेली नोंद गेली म्हणूनच दिसली पाहिजे."

म्हणून माझ्या फिल्ममध्ये जुलैत पडदा काही क्षण काळा होतो. पाहणारे विचारतात, मी वही उघडून दाखवते.

त्या एका वाक्यानं माझ्या कामाची दिशा बदलली. देखणी फिल्म करायला निघाले होते, हाती एक नोंदवही आली. त्यातूनच पुढं तुम्ही विचारलंत, "हिरवं किती झालं, ते मोजता येते का?" येतं. २००८ पासून अमेरिकेत फेनोकॅम नावाचं जाळं अगदी हेच करतंय: पक्के बसवलेले कॅमेरे, शक्यतो उत्तरेकडे तोंड, व्हाइट बॅलन्स कायम, आणि प्रत्येक फोटोतला हिरव्याचा वाटा लाल, हिरवा, निळा यांच्या बेरजेनं भागून काढायचा. आपण रोजचा एकच फोटो घेतला, माध्यान्हीचा. तेव्हाही तुम्ही सांगितलंत की घड्याळाचे बारा धरू नका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७९ वर, त्यामुळे नागपूरची माध्यान्ह सरासरी सव्वाबाराच्या आसपास येते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या किंचित आधी, फेब्रुवारीच्या मध्याला साडेबाराच्या जवळ.

तो आलेख मी तुमच्या टेबलावर ठेवला तेव्हा तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ पाहिलात. हिवाळ्याच्या अखेरीस हळूहळू उतरत जाणारी रेघ. पळस फुललेल्या दिवसांत फोटोत केशरी ठिपके आहेत, पण आलेखात त्यांचा उंचवटा नाही, कारण तिथं फक्त हिरवं मोजलंय. मेमध्ये रेघ तळाला. आणि मग पहिल्या चांगल्या पावसानंतर ती चढते, इतकी सरळ की तुम्ही बोट तिच्यावरून दोनदा फिरवलंत आणि वहीतल्या पावसाच्या नोंदीशी ताडून पाहिलंत. पाऊस आधी, हिरवं मागून, मधलं अंतर दिवसांत मोजता येत होतं. तुमच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही. इतकी वर्षं तुम्ही पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिलात, तो झाडांवर काय करतो हे या कागदावर पहिल्यांदा रेघेत दिसलं, असं तुम्ही म्हणालात.

काका, तुम्ही माझ्याकडून पत्र्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. उन्हात गच्चीवर उभं राहून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून तुम्ही भोकं पाडलीत, आणि दर आठवड्याला रेघा तपासायला जिने चढून आलात. मनापासून आभार. काकूंचेही, त्यांनी तुम्हाला भर दुपारी सोडलं म्हणून.

पेटीचा नकाशा मापांसकट मी स्वच्छ काढून घेतलाय. दोन शिक्षकांनी आपापल्या शाळेच्या गच्चीसाठी मागितलाय. तुमची हरकत नसेल तर देते, आणि सोबत रकाने आखलेली कोरी वहीही देते.

तुमची,
मागच्या गल्लीतली