फंडाचा तिसरा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरी सुटल्यावर पेन्शन खात्यातील रक्कम काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी 36 महिने थांबावे लागेल, असा निर्णय भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये घेतला, तेव्हा ‘आमचेच पैसे अडकवले’ अशी एकच ओरड झाली. माझ्या ओळखीच्या काही कामगारांनी तर मलाच फोन करून जाब विचारला, जणू निर्णय मी घेतला होता. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात 28 वर्षे काम करून मी निवृत्त झालो. हजेरी, पगारचिठ्ठ्या आणि फंडाचे फॉर्म यांतच ती वर्षे गेली. त्या अनुभवावरून मला असे वाटते की ही अट म्हणजे आजार बळावल्यानंतरचा उपाय आहे. कामगाराच्या नावे दरमहा पेन्शनसाठी रक्कम भरली जाते. पण ती कशासाठी, ती मिळणार कधी आणि कोणत्या चुकीने हातची जाईल, हे त्याला त्याच्या कामाच्या जागी कोणीही सांगत नाही.

कामगारांच्या तोंडी सरसकट ‘फंड’ हा एकच शब्द असतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 12 टक्के रक्कम कामगाराकडून कापली जाते व तेवढीच मालक भरतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मालकाच्या त्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के, म्हणजे 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेनुसार जास्तीत जास्त 1,250 रुपये, 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात आणि उरलेलेच त्याच्या फंडात पडतात, हे मात्र पासबुक पाहूनही कळत नाही. पासबुकाच्या तिसऱ्या रकान्यात पेन्शनचा आकडा दिसतो, पण त्यावर व्याज दिसत नाही. नोकरी बदलून खाते नव्या ठिकाणी वर्ग केले की तिथे त्या रकान्यात जुन्या रकमेऐवजी शून्य येते, आणि मग ‘कंपनीने पेन्शन खाल्ली’ असा समज होतो. वास्तविक पेन्शन त्या साठलेल्या रकमेवर ठरतच नाही. शेवटच्या 60 महिन्यांतील (15,000 रुपयांच्या मर्यादेत धरलेल्या) पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे भागिले 70, असे तिचे साधे गणित आहे. जपायची असतात ती वर्षे. एवढे एक वाक्य मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावलेले मी माझ्या सगळ्या नोकरीत कुठेही पाहिले नाही. आमच्याही बोर्डावर ते नव्हते.

आमच्याकडचा एक फिटर 2023 मध्ये 58 वर्षांचा होऊन निवृत्त झाला. त्याआधी त्याने एका कारखान्यात सात आणि दुसऱ्यात सहा वर्षे काढली होती; आमच्याकडची सेवा नऊ वर्षे दोन महिने भरली. आधीच्या दोन्ही ठिकाणांहून निघताना त्याने फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले होते, त्यामुळे ती वर्षे हिशेबातून गेली. एकदा बहिणीचे लग्न होते, एकदा घराचा स्लॅब. मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि सहा महिन्यांहून कमी उरलेला काळ धरला जात नाही, त्यामुळे त्याच्या हिशेबी नऊच वर्षे राहिली आणि पुन्हा एकदा एकरकमी पैसे घेऊन तो घरी गेला. आणखी चार महिने भरले असते किंवा आधीच्या दोहोंपैकी एक जरी सेवा जोडलेली राहिली असती, तर तो पेन्शनर झाला असता. सगळी 22 वर्षे जोडलेली असती, तर 2014 पूर्वीचा काळ जुन्या 6,500 रुपयांच्या वेतनमर्यादेने मोजूनही त्याला महिना तीन हजारांहून अधिक मिळाले असते आणि त्याच्यामागे त्याच्या पत्नीलाही पेन्शन लागू झाली असती. पेन्शन काढून घेताना मिळते ते साधारणपणे जितकी वर्षे तितक्या महिन्यांच्या, तेही मर्यादेतल्याच, पगाराएवढे.

त्याच्या आधीच्या कारखान्यांतील कारकुनांना मी दोष देऊ शकत नाही, कारण मीही शेकडो लोकांच्या बाबतीत तेच केले आहे. नोकरी सोडणारा खिडकीशी आला की फंडासाठी 19 नंबरचा आणि पेन्शनसाठी 10सी असे दोन्ही फॉर्म एकत्र टाचून त्याच्यापुढे सरकवायचे, सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारून द्यायच्या, ही आमची रीत होती. 10सी भरून पैसे न काढता योजना प्रमाणपत्रही घेता येते आणि त्याने सेवेची वर्षे शाबूत राहतात, हे मला माहीत होते. सांगायला दोन मिनिटे लागली असती. पण खिडकीपुढे रांग असे, आणि समोरच्याला पैशाची निकड असे. शिवाय मला तसे सांगण्याचे कोणी नेमून दिलेले नव्हते, हे तितकेच खरे.

कंत्राटी कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. ठेकेदार बदलला की नवे खाते, कधी नवा यूएएन, म्हणजे फंडाचा सभासद क्रमांकही. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते, आणि आडनाव एका कागदावर आधी तर दुसऱ्यावर शेवटी असल्याने नाव जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे तर विचारूच नका. वास्तविक ठेकेदाराच्या माणसांचा फंड भरला जातो की नाही, याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावरही आहे. वारसाचेही तसेच. विसाव्या वर्षी आईचे नाव लावून नोकरीला लागलेल्या मुलाचे लग्न झाले की फंडाचे ते नामांकन बाद होते, हे त्याला कोणी कळवत नाही. सेवेत असताना माणूस गेल्यास सात लाखांपर्यंतचा विमा कुटुंबाला मिळू शकतो आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापलेला नसतो, हेही अनेक घरांना दहाव्या-बाराव्याला आलेल्या एखाद्या जाणत्या माणसाकडूनच कळते.

तरुण अभियंत्यांनीही आपण यातून सुटलो असे समजू नये. 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच या योजनेच्या कक्षेत येताना ज्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपयांहून अधिक होता, त्यांना ही पेन्शन लागूच नाही. मालकाचा सारा हिस्सा त्यांच्या फंडातच जातो. पेन्शन आहे असे धरून चालणारे असे कितीतरी जण मला भेटले आहेत.

अलीकडे काही कारखान्यांत ‘आर्थिक साक्षरता’ या नावाखाली कॅन्टीनमध्ये कार्यक्रम होतात आणि बोलायला विमा एजंट किंवा म्युच्युअल फंडवाले येतात. ज्याला स्वतःच्या पगारचिठ्ठीतील कपात उमगलेली नाही, त्याच्या हाती एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणुकीचे, पत्रक देण्यात काय हशील आहे, हे मला कळलेले नाही. त्याऐवजी नोकरीला लागताना अर्धा तास बसवून पासबुक उघडून दाखवावे, वर्षातून एकदा नाव, जन्मतारीख आणि वारस तपासून घ्यावेत आणि नोकरी सोडणाऱ्याला 10सीवर सही करण्यापूर्वी मराठीत एक पान द्यावे: आज काढलेस तर इतके, वर्षे जोडून ठेवलीस तर 58व्या वर्षापासून दरमहा अंदाजे इतके. हे काम आमचे नाही, फंड ऑफिसचे आहे, असे व्यवस्थापन म्हणेल. पण फंड ऑफिस दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ हे शिबिर घेते; त्या दिवशी चार माणसांना पगारी सुट्टी देऊन तिथे पाठवणे तरी व्यवस्थापनाच्या हातात आहेच.

किमान पेन्शन 2014 पासून एक हजार रुपयांवर थांबलेली आहे, मग एवढ्याशा रकमेसाठी हा खटाटोप कशाला, असेही काही जण विचारतील. ती वाढली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती 7,500 रुपये करावी यासाठी बुलढाण्यात निवृत्त माणसांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण केले आहे. परंतु उद्या ती वाढली तरी मिळेल पेन्शनरलाच, आणि आमचा फिटर पेन्शनर नाही. सध्या तो गंगापूर रोडवरील एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. तिथे त्याचा फंड कापतात का, असे मी त्याला मागच्या आठवड्यात विचारले, तर म्हणाला, ‘साहेब, ते काही सांगत नाहीत.’

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी, नाशिक