पाडव्याला यॉर्कच्या तटावर

लीड्स,
मंगळवार, 1 एप्रिल 2025

प्रिय सरपंच,

पाडव्याच्या शुभेच्छा. दोन दिवस उशीर झाला, पण शके 1947 मधलं हे माझं पहिलं पत्र आहे आणि ते तुलाच लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही. शिवाय मला तुझ्याशी चुन्याबद्दल बोलायचंय. ते पुढे येईलच.

शनिवार-रविवार आम्ही चौघं यॉर्कला जाऊन आलो. मी, आमच्या वर्गातली नागपूरकर, कोचीचा पोरगा आणि माझ्या घरातली ग्रीक मुलगी. लीड्सहून यॉर्क म्हणजे आगगाडीने अर्धा तासही नाही. स्टेशनातून बाहेर पडलो आणि रस्त्यापलीकडे समोरच हिरवा उतार, उतारभर पिवळी डॅफोडिल्स आणि वर पांढुरक्या दगडाचा तट. मी तिथेच उभा राहिलो. अजिंक्यताऱ्याचं काळं पाषाण डोळ्यांत घेऊन वाढलेल्या माणसाला पांढरा तट बघून काय वाटतं, ते तुलाच कळेल.

हा तट साधारण 3.4 किलोमीटर शिल्लक आहे आणि त्याच्या फांजीवरून, म्हणजे वरच्या वाटेवरून, चालता येतं. नुसतं चालता येतं असं नाही, लोक रोजच्या कामाला जाताना तिथून जातात. एक बाई मुलीला शाळेच्या सामन्याला घेऊन चालली होती, एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, खाली लोकांची परसं दिसतात. कुणाचे वाळत घातलेले कपडे, कुणाची सायकल. बाहेरच्या बाजूला चर्या, म्हणजे तटावरचे दगडी कंगोरे. शनिवारी आम्ही जवळजवळ पूर्ण फेरी मारली आणि मी त्या तिघांना चर्या, फांजी, देवडी हे सगळे शब्द शिकवले. ग्रीक मुलीला ‘देवडी’ (दरवाजातली पहारेकऱ्यांची खोली) हा शब्द इतका आवडला की ती आता आमच्या बिल्डिंगच्या खालच्या खोलीला देवडीच म्हणते.

इथल्या नावांची एक गंमत ऐक. दरवाजाला इथे ‘बार’ म्हणतात आणि ‘गेट’ म्हणजे रस्ता. 866 मध्ये व्हायकिंगांनी हे शहर घेतलं. त्यांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता, तो शब्द इथल्या रस्त्यांना चिकटून राहिला. म्हणून मिकलगेट हा रस्ता आणि मिकलगेट बार हा त्याच्यावरचा दरवाजा. राज्य गेलं, माणसं मिसळून गेली, पण पत्ता सांगताना अजून त्यांचाच शब्द तोंडात येतो. आपल्याकडे फारसी शब्दांचं असंच आहे ना? मिकलगेट बारवर शत्रूंची मुंडकी लावत. 1460 मध्ये यॉर्कचा ड्यूक रिचर्ड लढाईत मारला गेला, तेव्हा त्याचं मुंडकं कागदी मुकुट घालून इथे टांगलं होतं. आज त्याच कमानीखालून माणसं निवांत ये-जा करतात.

पण तुला आवडलं असतं ते पूर्वेकडचं ठिकाण. तिथे तट चालता चालता मध्येच संपतो आणि पुढे रस्त्यावर उतरावं लागतं. आधी वाटलं, पडला असेल. तसं नाही. तिथे तट कधी बांधलाच नव्हता. नॉर्मन राजाने किल्ल्यासाठी फॉस नदी अडवली, तेव्हा त्या भागात मोठं तळं आणि दलदल झाली. पाणी शत्रूला अडवत असताना भिंत कशाला हवी? आपण लहानपणी गडावर विचारलं होतं, ‘या बाजूला तट का नाही?’ आणि तुझ्या आजोबांनी कड्याकडे बोट दाखवलं होतं. अगदी तेच उत्तर, फक्त कड्याच्या जागी पाणी.

वॉल्मगेट बारला मात्र मी सगळ्यांना अर्धा तास थांबवून धरलं. त्याच्यापुढे रणमंडळ आहे. खरंखुरं. बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत आला की दोन भिंतींमध्ये कोंडला जाणार आणि वरून मारा होणार. आतल्या बाजूला जुने ओक लाकडाचे दरवाजे आणि त्यांत एकट्या माणसापुरती दिंडी, वर अडकवलेलं लोखंडी दातांचं झडप. 1644 च्या वेढ्यात या दरवाजाने तोफांचा मार खाल्ला. सगळ्या इंग्लंडमध्ये नगराच्या वेशीपुढे रणमंडळ राहिलंय ते एवढंच.

बाकीच्या दरवाजांची रणमंडळं कुठे गेली? पाडली, आणि शत्रूने नव्हे. 1800 मध्ये यॉर्कच्या कारभाऱ्यांनी तट आणि वेशी पाडायची परवानगी मागितली. डागडुजीचा खर्च परवडत नव्हता आणि अरुंद दरवाजांतून गाड्या जात नव्हत्या. आर्चबिशपपासून अनेकांनी विरोध केला, पण तरीही पुढच्या तीसेक वर्षांत तीन रणमंडळं आणि तटाचे काही तुकडे गेले. बाकीचं वाचलं ते लोकांनी आरडाओरडा केल्यामुळे. त्यांत एक विल्यम एटी नावाचा चित्रकार होता. जन्म यॉर्कचा, काम लंडनमध्ये. तो गावाला पत्रांवर पत्रं लिहायचा, की हे पाडू नका. आता आर्ट गॅलरीपुढे त्याचा पुतळा आहे आणि त्या पुतळ्यापासून चार पावलांवर बूथम बार उभा आहे. मी त्या पुतळ्यापाशी तुझी आठवण काढली. तुम्ही पोरं दर रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जाता, तेव्हा गावातले काहीजण विचारतात ना, की याचा उपयोग काय? एटीलाही हेच विचारलं असणार.

त्याच शनिवारी सकाळी इथे खंडग्रास सूर्यग्रहण होतं. मिन्स्टर या इथल्या मुख्य चर्चशेजारच्या एका जुन्या घरावर जॉन गुडरिक या मुलाच्या नावाची पाटी आहे. तो लहानपणीच बहिरा झालेला. 1782 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने इथूनच अल्गोल हा तारा रात्रीमागून रात्री बघितला आणि तो ठरावीक काळाने, साधारण 2 दिवस 21 तासांनी, मंद होतो हे शोधलं. त्याचं म्हणणं असं, की कुणीतरी काळोखी वस्तू त्याच्यापुढून जात असावी. म्हणजे ताऱ्याचं ग्रहणच. एकविसाव्या वर्षी गेला तो. आपल्यापेक्षा लहान होता रे. ती पाटी वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता मिन्स्टर. साधारण 1220 ला बांधायला घेतलं आणि 1472 मध्ये पुरं झालं. अडीचशे वर्षं. ज्याने पाया खणला त्याच्या खापरपणतूनेही कळस पाहिला नसेल. आत गेलो आणि मान आपोआप वर गेली. पूर्वेची मोठी खिडकी टेनिस कोर्टाएवढी आहे. जॉन थॉर्नटन नावाच्या काचकाम करणाऱ्याने 1405 ते 1408 या तीन वर्षांत ती केली, 56 पौंडांत. जगाच्या उत्पत्तीपासून अंतापर्यंतची गोष्ट रंगीत काचांत. खाली उभं राहून सगळं दिसत नाही, पण वरच्या चौकटीतलं कामसुद्धा तितकंच बारीक आहे. जिथे माणसाची नजर पोचत नाही तिथेही हात आखडला नाही, हे मला फार मोठं वाटलं. 2008 मध्ये तिची 311 तावदानं उतरवली, एकेक साफ करून जोडली आणि 2018 पर्यंत परत बसवली. करायला तीन वर्षं आणि सावरायला दहा.

दक्षिणेच्या बाजूला वर गुलाबाच्या आकाराची खिडकी आहे. 9 जुलै 1984 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या छपराला आग लागली. आग पुढे पसरू नये म्हणून अग्निशामक दलाने जळतं छप्पर मुद्दाम आत पाडलं. त्या उष्णतेने गुलाबाच्या काचांना हजारो तडे गेले, पण खिडकी पडली नाही. कारण आगीच्या काही वर्षं आधी काचा धरून ठेवणारी शिशाची पट्टी नव्याने भरलेली होती. विचार कर. कुणीतरी कारागिराने कुणाचंही लक्ष नसताना आपलं काम नीट केलं होतं, आणि त्या एका रात्री ते कामाला आलं. छप्पर पुन्हा बांधताना छतावर बसवायच्या लाकडी कोरीव गोळ्यांपैकी काहींची चित्रं लहान मुलांच्या स्पर्धेतून निवडली. त्यांतल्या एकावर चंद्रावर उतरलेला माणूस आहे. मध्ययुगातल्या चर्चच्या छतावर चांद्रवीर! नागपूरकर ते शोधायला मान वर करून गोल गोल फिरत होती.

आणि तळघर. इथे माझ्यातला सिव्हिलवाला जागा झाला. 1967 मध्ये लक्षात आलं की मधला मनोरा खचतोय. त्याचं वजन 16,000 टनांच्या आसपास. पाया पुरेसा नव्हता, आणि तो जुन्या रोमन भिंतींवर तिरका बसला होता. मग पाच वर्षं खालून खणून जुन्या पायाभोवती काँक्रीटचे जाड पट्टे घातले आणि त्यांतून स्टेनलेस स्टीलच्या सळ्या ओवून ते आवळले. वर प्रार्थना चालू, खाली खोदकाम चालू. खणताना रोमन छावणीचं मुख्य ठाणं सापडलं. इसवी सन 71 मध्ये रोमनांनी हे शहर वसवलं आणि 306 मध्ये कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्याने इथेच सम्राट म्हणून पुकारलं. त्या तळघरात एक रोमन मोरी आहे, तिच्यातून अजून पाणी वाहतं. मी वाकून बघितलं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी धरलेला ढाळ अजून बरोबर आहे!

बाहेर मिन्स्टरच्या पाथरवटांचं अंगण आहे. आमच्याच वयाची पोरं-पोरी छिन्नी-हातोडा घेऊन बसलेली. झिजलेला दगड काढायचा आणि टॅडकॅस्टरकडच्या तशाच पांढऱ्या चुनखडकाचा नवा घडवून बसवायचा. तिथे आणि नंतर आमच्या सरांकडून जे कळलं, ते तुझ्यासाठी. मागच्या काळात अशा जुन्या इमारतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी न सोडणारं. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ती दगडातून निघते आणि दगडच सुटायला लागतो. चुना मऊ असतो. तो ओल बाहेर सोडतो, इमारतीबरोबर थोडा हलतो, आणि झिजायचं झालं तर स्वतः झिजतो, दगडाला झिजवत नाही. दर काही वर्षांनी दरजा पुन्हा भराव्या लागतात, हा तोटा. पण दगड राहतो.

आपला बेसाल्ट या चुनखडकाहून कितीतरी कणखर आहे, मान्य. पण तू लिहिलं होतंस की गडावरच्या पाण्याच्या टाक्याच्या पायऱ्यांच्या भेगा पोरं सिमेंटने भरायच्या म्हणतायत. थांबव त्यांना, पाया पडतो. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तर हात लावूच नका, आणि परवानगी मिळाली तरी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. आपल्या भागात जुन्या वाड्यांचं काम केलेले एखादे म्हातारे गवंडी अजून असतील. त्यांच्याकडून पोरांना शिकू दे. घाईने केलेलं काम दिसायला लगेच छान दिसतं, म्हणून मला भीती वाटते.

क्लिफर्ड्स टॉवरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे मला शब्द सुचले नाहीत. उंच गोल टेकाडावर दगडी बुरूज आहे. मार्च 1190 मध्ये तिथल्या आधीच्या लाकडी गढीत शहरातल्या दीडशेच्या आसपास यहुद्यांनी आसरा घेतला होता. बाहेर जमाव. बहुतेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा आत स्वतःच मरण पत्करलं. गढी जळाली, उरलेल्यांना जमावाने मारलं. टेकाडाच्या पायथ्याशी तशी पाटी आहे, आणि मार्चमध्ये सगळं टेकाड डॅफोडिल्सने पिवळं होतं. फुलाला सहा पाकळ्या असतात, यहुद्यांची खूण असलेल्या दाविदाच्या ताऱ्याला सहा टोकं. शहराने फक्त अभिमानाचंच जपलं नाही, हेही जपलं. ते मला गरजेचं वाटतं.

रविवारी पाडवा. त्यातच पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे नवं वर्ष आमच्याकडे एक तास कमी घेऊन आलं. सकाळी लवकर तटावर गेलो. गुढी नव्हती, कडुनिंब नव्हता. आईने पाठवलेल्या कंदी पेढ्यांचा डबा मी बरोबर ठेवला होता. नागपूरकरने ओढणीची घडी करून चर्येवर ठेवली, त्यावर डबा ठेवला, आणि आम्ही चौघांनी मिन्स्टरकडे तोंड करून पेढे खाल्ले. तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. एक नाही, अनेक, एकमेकींत मिसळत जाणाऱ्या. इथे त्या दिवशी आयांचा रविवार होता, मुलं आईसाठी फुलं घेऊन चालली होती. नागपूरकर आईला फोन लावून रडली. मग कोचीच्या पोराने आणि मीही आपापल्या आयांना फोन लावला.

दुपारी शॅम्बल्समध्ये गर्दी फार. जुनी खाटीकगल्ली, वरचे मजले रस्त्यावर इतके झुकलेले की समोरासमोरच्या घरांतून हात मिळवता येतील. रेल्वे म्युझियममध्ये मॅलार्ड पाहिलं, 1938 मध्ये ताशी 126 मैल धावलेलं वाफेचं इंजिन, निळंशार. तुझ्या बाबांसाठी त्याचे फोटो वेगळे पाठवतो, त्यांना आवडतील.

पाकिटात गुलाबाच्या खिडकीचं एक कार्ड ठेवलंय. ते गटातल्या पोरांना दाखव आणि शिशाच्या पट्टीची गोष्ट सांग. काका-काकूंना नमस्कार. आजोबांना सांग, की पाणी असलं तर तट लागत नाही, हे मी इंग्लंडात जाऊन बघून आलो.

पायऱ्यांचं काय ठरतंय ते लगेच कळव.

तुझाच,
मास्तर