ती. आबांना, बाबांच्या होडीतल्या पाण्याबद्दल

ती. आबांना,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. पण ते सगळ्यांसाठी उघडंच ठेवते आहे. तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "पुरो गो आता" म्हणता आणि उठून चालू लागता. शिवाय होडी ट्रेलरवर चढवून परड्यात पावसाळा काढणारी माणसं आता आपल्या किनाऱ्यावर बरीच झाली आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत, ते त्यांच्याही हाताशी असायला हवं.

बाबांची होडी फायबरची, सोळा फुटी. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली. देवगडच्या खाडीत गरी टाकून बसणं हा त्यांचा शेवटच्या वर्षांतला सगळ्यात मोठा आनंद होता. ते गेले आणि होडी माझ्या गळ्यात आली, म्हणजे मीच ती मागून घेतली. विकू दिली नाही. पण बाबा पावसाच्या आधी तिचं काय काय करायचे, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. इंजिन उतरवून मांगरात उभं ठेवायचं एवढं आठवत होतं, तेवढं केलं. मागे तळाशी पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच घट्ट बसवलं, कारण मला वाटलं बूच असतं ते पाणी आत येऊ नये म्हणून. तळात पंप होता, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा. बॅटरी भरून जोडली आणि पुण्याला आले. ताडपत्री महिनाअखेरीस येऊन बांधणार होते.

२०२५ चा मे आपल्याकडे कोणी विसरणार नाही. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून २५ मे रोजीच कोकणात उतरला, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही पावसानं सोडलं नव्हतं. मी पुण्यात खिडकीतून पाऊस बघत होते आणि पंप आहे म्हणून निर्धास्त होते. मग आईचा फोन आला. ट्रेलरचं एक चाक बसलं होतं आणि होडीत फळ्यांपर्यंत पाणी होतं.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमच्या होडीचं वरचं उघडं तोंड साधारण सात चौरस मीटर. म्हणजे शंभर मिलिमीटरचा एक पाऊस आत सातशे लिटर ओततो, सातशे किलो. असे दोन दिवस गेले की जवळजवळ दीड टन. ट्रेलर घेतलेला साडेसातशे किलो पेलणारा. पंपानं पहिल्या दिवशी काम केलंही असेल, पण तो बॅटरीवर जगतो, आणि बॅटरीला भरणारं कोणी नव्हतं. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा शाळेत पाठ केला होता, पण तो होडीवर कधी लावून पाहिला नव्हता.

आईनं तुम्हाला हाक मारली नव्हती. तुम्ही रस्त्यावरून जाताना पाहिलंत आणि आत आलात. आई सांगते, तिला वाटलं तुम्ही आधी बूच ओढाल. तुम्ही बुचाला हातच लावला नाहीत. आधी चाकांना पुढून-मागून दगड लावलेत. मग गड्याला हाक मारून ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली चिरे रचलेत, वर फळी ठेवलीत, कारण नुसता चिरा एवढ्या वजनाखाली भुगा होतो. आता मला त्याचं कारण कळतं. पाणी हलतं. ते मागे धावलं की सगळं वजन चाकांच्या मागे जातं, ट्रेलरचा दांडा वर उचलतो आणि होडी पाठीवर बसते. खाली माणूस असेल तर काय होईल, ते लिहवत नाही. सगळं टेकवून झाल्यावर तुम्ही बाजूला उभे राहून बूच काढलंत. धार तासभर चालली होती म्हणे.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा तुम्ही पुन्हा आला होतात. मला वाटलं होतं, बोलणी बसतील. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाणी येतलाच. तेका भायर जावक वाट व्हयी."

त्या दिवसापासून मी पाण्याकडे वेगळ्या नजरेनं बघते.

होडी आंब्याच्या कलमाखाली होती, सावलीसाठी. तुम्ही ती आधी तिथून हलवलीत. पाऊस थांबला तरी झाड ठिबकत राहतं, आणि पानं नेमकी भोकापाशी जाऊन बसतात. माडाखाली तर प्रश्नच नाही, एक नारळ पुरतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पश्चिमेला केलीत, वाऱ्याचा मारा निमुळत्या तोंडावर यावा म्हणून. ट्रेलरचा दांडा हातभर वर उचलून चिऱ्यांवर ठेवलात, मागे चिरे पुन्हा तसेच रचलेत, आणि बूच बाहेर. आता आत पडलेला थेंब आपसूक मागे यायचा आणि निघून जायचा.

ताडपत्री मी नवी आणली होती आणि काठांवरून ढोलाच्या कातड्यासारखी ताणून बांधायचा बेत होता. तुम्ही हात धरून थांबवलंत. सपाट ताडपत्रीला पहिल्याच पावसात खोलगा पडतो, खोलग्यात पाणी साठतं, पाण्यानं खोलगा वाढतो, आणि एका रात्री सगळं आत. तुमच्या लाकडी होडीला तुम्ही दरवर्षी झावळ्यांनी शाकारायचात, घर शाकारतात तसंच. तेच इथे केलंत. बांबूच्या तीन कैच्या, त्यांवर नाळेपासून मागच्या फळीपर्यंत आढं, पुढे उंच आणि मागे थोडं उतरतं. कैच्यांच्या पायांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत, फायबर घासू नये म्हणून. ताडपत्री काठांच्या बाहेर वीतभर लोंबू दिलीत, म्हणजे पागोळ्या होडीबाहेर पडाव्यात.

आणि ती सुपारी! ताडपत्रीच्या कड्या वाऱ्यानं फाटतात, हे मला माहीत होतं, उपाय माहीत नव्हता. तुम्ही आख्खी सुपारी कापडाच्या आतून धरलीत, बाहेरून तिच्या मानेला सुंभाचा फास आवळलात आणि तोच दोर खाली सोडलात. दोराच्या टोकाला गाठ मारून बांधण्याऐवजी पाच लिटरचे पाण्याचे कॅन टांगलेत. वारा आला की ताडपत्री उचलली जाते, कॅन वर जातात, वारा पडला की पुन्हा ताणून धरतात. जुलैतल्या त्या वादळी आठवड्यात शेजारच्या दोन ताडपत्र्या चिंध्या झाल्या, आपल्या होडीवरची एक सुपारी सुटली नाही.

मागची बाजू तुम्ही उघडी ठेवायला लावलीत, त्यावर मी वाद घातला होता. चारही बाजूंनी बंद केलं तर पाणी येणार नाही, हे माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, पाणी येणार नाही, पण घाम जाणारही नाही. बंद ताडपत्रीखाली बुरशी किती लवकर धरते, ते मी नंतर एका ओळखीच्यांच्या होडीत पाहिलं. त्यांच्या गाद्या फेकाव्या लागल्या.

"खारा पाणी लाकूड राखता, गोडा पाणी खाता," हे वाक्य तुम्ही बोटांनी मागची फळी वाजवत म्हणाला होतात. आमची होडी फायबरची, तिला लाकूड कुठलं, असं मला वाटलं. पण इंजिन लावायच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं, आणि स्क्रूच्या भोकातून पावसाचं पाणी त्यात मुरतं. तुम्ही हातोडीच्या दांड्यानं टकटक करत गेलात आणि उजव्या कोपऱ्यात थांबलात. मला आवाजातला फरक ऐकूच आला नाही. स्क्रू काढला तेव्हा भोकातून ओल निघाली. तो कोपरा वाळवून, भोकं सीलंटनं भरून घेतली. आणखी एक पावसाळा गेला असता तर फळीच बदलावी लागली असती, असं कारागीर म्हणाला.

पण आबा, हे सगळं कोणीतरी कधीतरी शिकवलंही असतं. ज्यासाठी मी लिहायला बसले ते वेगळं आहे. जूनपासून गणपतीपर्यंत तुम्ही रोज सकाळी आमच्या परड्यात आलात. मी पुण्यात, आईचे गुडघे दुखतात, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आई म्हणते, छत्री खांबाला टेकवायची, तांब्याभर पाणी नाळेत ओतायचं, मागे येऊन भोकाखाली तळहात धरून उभं राहायचं. पाणी हातावर आलं की निघायचं. चहाला थांबलात तर थांबलात.

जुलैत उघडीप पडली होती तेव्हा एक दिवस पाणी हातावर आलं नाही. कुंभारीण माशीनं भोकात मातीचं घर बांधलं होतं. तुम्ही काडीनं ते मोकळं केलंत आणि त्याच रात्री पुन्हा पाऊस सुरू झाला. मी हे ऐकलं ते पंधरा दिवसांनी, तेही आईकडून, गप्पांच्या ओघात.

तुमची स्वतःची होडी विकून किती वर्षं झाली, मी कधी विचारलं नाही. तुम्ही आमच्या होडीभोवती फिरताना तिच्या काठावरून हात फिरवता, ते मी पाहिलं आहे. बाबाही तसाच फिरवायचे.

गणपती झाले. परवा ताडपत्री उतरवली, आत बोटभरही पाणी नव्हतं, चार वाळकी पानं आणि एक बेडूक. बूच तुम्ही सांगितल्याप्रमाणे ट्रेलरवर होडी ओढून घ्यायच्या विंचच्या हुकाला बांधून ठेवलं होतं, म्हणजे ते हाती घेतल्याशिवाय होडी पाण्यात सोडताच येऊ नये. ते अजून तिथेच आहे. मी बसवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी चार दिवसांची रजा काढून येते आहे. बूच तुम्ही बसवायचं. आईनं बाबांची गरी आणि दोऱ्याचं रीळ काढून ठेवलंय, आणि मागे सुकाणूजवळची बाबांची जागा तुमच्यासाठी आहे. भरती बघून वेळ तुम्हीच कळवा, आम्ही तयार राहू.

तुमची,
परड्यातल्या होडीवाली