साकव चालणाऱ्यांसाठी असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गात पूर्वी पावसाळ्याआधी गावकरी पोफळीची खोडे आणि बांबू बांधून वहाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पादपूल, घालत. आता त्याच नावाने जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सिमेंटची बांधकामे होतात. पलीकडच्या वाडीतील शाळकरी मुले आणि आजारी माणसे पावसात अडकू नयेत, म्हणून साकव हवेतच. माझी तक्रार त्यांच्या बांधणीविषयी आहे.

आमच्या वाडीजवळच्या वहाळात काही वर्षांपूर्वी सिमेंटच्या नळ्या टाकून वर स्लॅब ओतला गेला. अरुंद नळ्यांतून पाण्याला वेग येतो, शिवाय खालच्या बाजूला तळ खणला जाऊन हातभर उंचीची पायरी तयार झाली आहे. त्यामुळे पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी शेतांकडे निघालेले चढणीचे मासे तिथेच अडतात. ओंडक्यांनी नळ्या तुंबल्या की पाणी काठ कापते, ते वेगळेच.

याच जिल्ह्यातील बांबर्डे येथील मायरिस्टिका (रानजायफळाच्या कुळातील झाडांची) दलदल आणि आंबोलीतील शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचा अधिवास ही दोन्ही ठिकाणे २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळे म्हणून घोषित झाली. दलदलीतील झाडांची श्वासमुळे गुडघ्यांसारखी चिखलाबाहेर येतात. ती भरावाखाली गाडली गेली तर झाड गुदमरते. अशा परिसरासाठी बांधकाम विभागाने साकवाचा वेगळा नमुना ठरवावा. पात्रात खांब न घेता काठांपासून मागे जांभ्याचे पाये, त्यांवर तुकड्यांनी खांद्यावरून नेऊन बोल्टने जोडता येतील अशा जस्तलेपित तुळया आणि ऊन-पाऊस खाली पोहोचू देणारी जाळीची फरशी, एवढ्यावर १२ ते १५ मीटरचा वहाळ ओलांडता येतो. जेसीबी उतरवण्यासाठी रस्ता काढावा लागत नाही, हा मोठा लाभ, कारण पुष्कळदा पुलापेक्षा त्या रस्त्यासाठीच अधिक झाडे जातात. ओले सिमेंट मिसळल्याने पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढतो व तो माशांना घातक ठरतो, म्हणून पायाचे काम पाणी आटलेले असतानाच संपवावे.

रुंदी दीड मीटर पुरे; भारा घेतलेली दोन माणसे एकमेकांना वाट देऊ शकतात. तीन मीटर केली, की आज रिक्षा आणि उद्या चिऱ्यांचा डंपर येणारच.

मात्र हलक्या बांधणीच्या नावाखाली मजबुतीत काटकसर नको. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळून चौघांचा मृत्यू झाला. म्हणून आराखड्यात दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरावा, दुचाकी शिरू नये यासाठी दोन्ही तोंडांना खुंट रोवावेत आणि दरवर्षी गंज व बोल्ट तपासण्याच्या खर्चाची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच करावी. ती होणार नसेल, तर पोफळीचा साकवच बरा. तो निदान दरवर्षी नव्याने बांधला जात असे.

आपला,
एक वाचक, दोडामार्ग (जि. सिंधुदुर्ग)